सहीच्या वरचा मजकूर

"आता हा कागद तुम्ही वाचून बघा. दोघांनीही," असं म्हणून हिमानी मॅडमनी टेबलावरून एक कागद माझ्याकडे सरकवला.

पालघरला स्टेशनपासून जवळच, एका मेडिकलच्या दुकानाच्या वर त्यांची खोली आहे. मुलांच्या चाचण्या घ्यायला त्या फक्त शनिवारी येतात. आमच्या स्वराच्या दोन शनिवार चाचण्या झाल्या होत्या आणि आज निकाल होता. स्वरा आठ वर्षांची, तिसरीत. ती बाहेरच्या बाकावर बसून लाकडी ठोकळ्यांचा पूल बांधत होती.

कागदावर मराठीच होतं, पण मात्रा-वेलांट्या भलतीकडेच लागलेल्या, शब्द मधेच तुटलेले आणि दोन ओळी तर एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. जेमतेम पाच ओळींची गोष्ट. मी बी.कॉम. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं सफाळ्याच्या पतपेढीत बसलेली, आणि दुसऱ्याच ओळीत अडकले.

"लवकर," मॅडम घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "बाकीच्या मुलांचं वाचून झालं."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिसऱ्या ओळीवर मी बोट ठेवलं, मग उचललं आणि म्हटलं, "नाही जमत हो."

"स्वराला अगदी असंच दिसतं असं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण एक पान वाचायला तिला जी मेहनत पडते ती साधारण एवढी. डोळे उत्तम आहेत तिचे. डोकं तर त्याहून उत्तम. अक्षर बघितलं की त्याचा आवाज आपल्याला आपोआप आठवतो ना, तो तिला दर वेळी नव्याने शोधून आणावा लागतो. डिस्लेक्सिया म्हणतात याला. हा आळस नाही आणि नाटक तर मुळीच नाही."

'नाटक' हा माझा शब्द. पहिल्या भेटीत मीच वापरला होता. मी खाली बघितलं.

मग मॅडमनी तो कागद ह्यांच्याकडे दिला. हे म्हणजे माझा नवरा. नाव शिवाजी. तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत रिऍक्टर ऑपरेटर आहेत. मोठ्या टाकीत रसायनं शिजतात त्याला रिऍक्टर म्हणतात, आणि ती नीट शिजताहेत ना हे बघायचं काम ह्यांचं. ह्यांनी कागद दोन्ही हातांत धरला. जरा लांब, जरा जवळ. बराच वेळ. मग काचेचं भांडं ठेवावं तसा अलगद खाली ठेवला.

"मला तर हा रोजच्यासारखाच कागद वाटतोय," हे म्हणाले.

मी हसले. ह्यांना असे कोरडे विनोद करायची सवय आहे. पण मॅडम हसल्या नाहीत. हेही हसले नाहीत. बाहेर स्वराचा पूल कोसळला, ठोकळे फरशीवर खडखडले, आणि ती स्वतःशीच म्हणाली, "परत."

"शिवाजीराव," मॅडमनी आवाज उतरवून विचारलं, "घरात आणखी कुणाला वाचनाचा त्रास आहे का, असं मी फॉर्ममध्ये विचारलं होतं. तिथे 'नाही' लिहिलंय."

"ते हिनं लिहिलंय," हे म्हणाले. "आमच्या घरात फॉर्म हीच भरती. मी सही करतो."

*

उमरोळीच्या पुढे रस्त्याकडेला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ लागतं. तिथे ह्यांनी गाडी थांबवली. स्वरा चरकाजवळ जाऊन उभी राहिली. चाक कुठल्या चाकाला फिरवतं हे तिला बघायचं असतं. आम्ही दोघं बाकड्यावर. मी ग्लास हातात धरून ठेवला होता. नऊ वर्षं ज्याच्या पंक्तीला बसले, त्याला वाचता येत नाही हे मला कळलं नव्हतं, आणि मी तर स्वतःला फार चौकस समजते. स्वराच्या डब्यातली पोळी किती उरली यावरून तिचा दिवस कसा गेला ते ओळखणारी बाई मी.

"मुलगा बारावी झालाय असं सांगितलं होतं माझ्या बाबांना," मी म्हटलं.

"नववी. तीबी ढकलत ढकलत." ह्यांचं गाव जतच्या पुढे आहे. बोईसरला येऊन सतरा वर्षं झाली तरी मन हललं की गावची बोली वर येते. "मास्तर पाटीवर 'दगड' लिवायचे आन् पाटी माझ्या गळ्यात अडकवायचे. सगळी शाळा हसायची. मला वाटायचं, माझं नाव लिवलंय. म्या ती पाटी घालून ऐटीत फिरलो एकदा. पार घरापातूर."

हे सांगून ते हसले. मला हसू आलं नाही.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. हॉटेलात मेनूकार्ड माझ्याकडे सरकवून "तुला काय पायजे ते सांग" म्हणणं. चष्मा विसरलो म्हणणं, आणि चष्मा तर ह्यांना कधी लागलाच नव्हता. मोबाइलवर भावाचा मेसेज आला की त्याला फोन लावून "बोल की रं, टायपत काय बसलाईस" असं ओरडणं. लग्नपत्रिका उलटसुलट करून "छपाई भारी हाय" म्हणणं. मी त्याला पुरुषी आळस समजत होते. मैत्रिणींत सांगून हसतही होते.

आणि संध्याकाळी स्वराचा अभ्यास. बेटेगावच्या आमच्या खोलीत एकच टेबल. त्यावर ती आणि मी. "काल हाच धडा पाठ म्हणून दाखवलास ना? मग आज काय झालं? डोकं आहे का खोकं? एवढं साधं वाचता येत नाही? लोक हसतील तुला." माझा आवाज चढला की हे उठायचे आणि चपला घालून बाहेर जायचे. मला वाटायचं, बाप असून ह्यांना पोरीच्या अभ्यासाचं काही नाही. एकदा मी मागून ओरडलेही होते, "जा, तुम्ही पळा!"

दोन वर्षं मी रोज संध्याकाळी एकीला बोलत होते आणि लागत होतं दोघांना.

"मग कंपनीत?" मी विचारलं.

"कंपनीत कान लागतात, नाक लागतं. आतला पंखा जड फिराया लागला की आवाज बदलतो. काटा कुठं हाय ते बघायचं, घड्याळासारखं. ड्रमवर काय लिवलंय ते वाचून नुसता कागदी मानूस ओळखंल. मी झाकणाचा रंग बघतो, रिंग बघतो, वजन बघतो. तीन खुणा जुळल्याबिगर हात लावत न्हाय. वाचणारा एकदाच बघतो, मी तीनदा."

"आणि लिहायचं? दर अर्ध्या तासाला लॉगशीट भरतात ना?"

"नवशा लिवतो."

नवशा ह्यांच्या शिफ्टमधला मदतनीस. डहाणूकडचा, आश्रमशाळेत दहावी झालेला. बारा वर्षांपूर्वी दोघांचं ठरलं ते असं: वरच्या मजल्यावर पन्नास किलोच्या गोण्या चढवायचं काम नवशाचं, पण त्याची कंबर दुखरी. त्या गोण्या हे चढवायचे. ह्यांनी तोंडी सांगायचं आणि नवशाने लिहायचं. बारा वर्षं एकाची पाठ आणि दुसऱ्याचं अक्षर. तिसऱ्याने विचारलं नाही, ह्या दोघांनी कुणाला सांगितलं नाही.

"नवशाला ठाव हाय. आता तुला," हे रसाचा ग्लास ठेवत म्हणाले. "दोघं बास."

मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडून दुसरं काही मागितलं नव्हतं.

*

पुढचे दोन महिने आमच्या घरात बरे गेले. मी अभ्यासाला बसताना आवाज खाली ठेवायला शिकले. मॅडमनी स्वराला पुठ्ठ्याची एक पट्टी करून दिली. मधे लांबट खिडकी कापलेली. ती पानावर ठेवली की एकच ओळ दिसते, बाकीचा गलका झाकला जातो. शाळेत मी रिपोर्ट नेऊन दाखवला. मला वाटलं होतं भांडावं लागेल. पण तिच्या वर्गशिक्षिका प्रियदर्शिनी बाईंनी तो सगळा वाचला आणि म्हणाल्या, "मग आधी का नाही सांगितलंत? मी तिला दोनदा बाहेर उभं केलंय हो." सहामाहीला त्यांनी स्वराला अर्धा तास जास्त दिला आणि प्रश्न वाचून दाखवले. परिसर अभ्यासात तिला अठरा पडले. वीसपैकी. त्या दिवशी हे पहिल्या पाळीवरून आले, उत्तरपत्रिका हातात घेतली आणि तो अठराचा आकडा बोटाने गिरवत बसले.

"सांगितल्याने किती फरक पडतो बघा," मी म्हटलं.

"पोरीचं बेस झालं," हे म्हणाले.

मला त्यांच्या त्या वाक्यापाशी थांबायला हवं होतं. 'पोरीचं' म्हणाले होते ते.

नोव्हेंबरात कंपनीचा वर्षाचा आरोग्याचा फॉर्म आला. दर वर्षी येतो, दर वर्षी मी भरते. रक्तगट, चष्मा, साखर, बीपी. या वर्षी तो चार पानी होता, कुठल्याशा नव्या ऑडिटमुळे. ह्यांची पहिली पाळी. सकाळी सव्वासहाला बस नाक्यावर येते. मी एकीकडे चहा ठेवून ओट्यावरच लिहीत होते. एकोणिसावा प्रश्न होता: 'दिसणे, ऐकणे, वाचणे, लिहिणे यांत काही अडचण आहे का? असल्यास तपशील द्या.'

नऊ वर्षांची सवय होती, हात 'नाही' लिहायलाच गेला. मग थांबला. मॅडम म्हणाल्या होत्या, लपवलं की मदत मिळत नाही. मी स्वतः पाहिलं होतं. एक रिपोर्ट दाखवला आणि बाईंचा चेहरा बदलला, अठरा मार्क आले. ह्यांना का नको? कुणीतरी सूचना वाचून दाखवेल, लॉगशीटला अधिकृत माणूस मिळेल, बारा वर्षांचं चोरून चालणं संपेल. मी चांगल्या अक्षरात लिहिलं: 'वाचन-लेखनात अडचण (डिस्लेक्सिया). कामावर परिणाम नाही. लेखी सूचना तोंडी समजावून दिल्यास मदत होईल.' लिहून झाल्यावर ते वाक्य मला आवडलंही. मोजकं, स्वच्छ.

हे डबा पिशवीत टाकून, हेल्मेट काखेत मारून उभे. मी कागद पुढे केला. ह्यांची सही म्हणजे एक चित्र आहे. कुठून सुरू करायचं, कुठे वळायचं, शेवटी शेपूट कुठे ओढायचं, सगळं ठरलेलं. पेन हातात घेऊन त्यांनी विचारलं, "काय लिवलंस?"

दर वर्षी विचारतात. बोलायला म्हणून.

खरं सांगितलं तर ते नको म्हणतील, हे मला माहीत होतं. इतकं माहीत होतं म्हणूनच मी म्हणाले, "नेहमीचंच."

त्यांनी सही केली. शेपूट नीट ओढलं. बस आली.

*

मला आधी कळलं ते कपड्यांवरून. ह्यांच्या युनिफॉर्मला एक वास असतो, जळक्या गुळासारखा आणि वर थोडा आंबूस. वेगळ्या बादलीत भिजवते मी ते कपडे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बादलीत पाणी घातलं आणि काहीच वास आला नाही. नुसता गंज आणि चिखल. दुसऱ्या दिवशीही तेच. बोटांच्या पेरांना बारीक चिरा पडलेल्या, नखांत पांढरा चिकट कागद.

"अहो, काम बदललं का?"

"जरा बदललं."

"कुठे टाकलंय?"

"मागं."

जेवले, स्वराचा पुठ्ठ्याचा पूल बघितला, त्याला एक काडी कुठे कमी आहे ते सांगितलं आणि झोपले. मी आणखी विचारायचं टाळलं. टाळलं म्हणजे, उत्तर मला ठाऊक असावं.

रविवारी सकाळी नवशा आला. दारातच उभा. हातात पिशवी, तिच्यात त्याच्या परसातली वालाची पापडी. हे खाली गाडी धुवायला गेले होते.

"आत या ना, नवशाभाऊ."

"नाय वयनी, आलो तसा जातो." त्याने पिशवी दिली आणि चौकटीला टेकला. "वयनी, रागावू नका. तुमी त्या कागदात काय लिवलंत?"

माझ्या हातात पिशवी तशीच राहिली.

"नवीन साहेब हाय, हर्षितसाहेब. त्याने भाऊना बोलावला. एक कागद दिला नं बोलला, पढ के सुनाओ. आमी काचेतून बघत होतो. भाऊ कागद धरून हुबा. धा मिनटं हुबा, वयनी. आक्खा प्लांट बघतोय. एक पोरगा मागून बोलला, अरे ये तो अपना उस्ताद है, इसको पढना नहीं आता? नं हसला. भाऊच्याच हाताखाली शिकलाय तो."

"मग?"

"मंग काय. भाऊनी कागद ठेवला, हेल्मेट काढला, नं साहेबाला बोलला, नाय येत. त्याच दिशी मागं पाठवला. रिकामे ड्रम धुवायला. आमचा नवा भरतीचा पोऱ्या करतो ते काम." तो जरा थांबला. "मनापन मेमो दिलाय. दुसऱ्याच्या नावानं लिवलं म्हणून. बारा वर्साचे कागद काढलेत. सगळा माझाच अक्षर. सुंदर हाय, बोलला साहेब."

त्याला तेवढ्यातही हसू आलं. मी म्हटलं, "नवशाभाऊ, मला वाटलं मदत मिळेल."

"तुमी शिकलेल्या. तुमाला कागदाचा भरवसा. आमी कागदाला भितो," तो म्हणाला. रागाने नाही, हवापाणी सांगावं तसं. "गोण्या आता मीच चढवतो. कंबरेचा काय, चाललाय. पन त्या नव्या ऑपरेटरला पंख्याचा आवाज नाय कळत, वयनी. मना रोज भ्या वाटतं."

जाताना जिन्यात ह्यांची आणि त्याची गाठ पडली. वरून मला आवाज आले. "पापडी दिली वयनीला." "कशाला रं?" "झालीय लय." एवढंच.

*

सोमवारी ह्यांची बस गेल्यावर, स्वराला शाळेत सोडून मी मॅडमचा रिपोर्ट घेऊन कंपनीत गेले. गेटवर नाव लिहिलं, पाहुण्यांचं हेल्मेट घातलं. हर्षितसाहेब माझ्याहूनही लहान निघाले. मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

"ताई, मी सतरा वर्षांची फाईल बघितली," ते म्हणाले. "एकही अपघात नाही, एकही बॅच खराब नाही. असा रेकॉर्ड आमच्याकडे दुसऱ्या कुणाचा नाही."

"मग?"

"मग तुमचा कागद आला."

"मी मदत मागितली होती त्यात. शाळेत मुलीला मिळते. वाचून दाखवतात, वेळ वाढवून देतात."

"परीक्षेला वेळ वाढवून देता येतो, ताई. रिऍक्टरला नाही देता येत." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नवीन माल आला, नवा ड्रम, नवी सूचना, तर काय करायचं? आजपर्यंत झालं नाही, ठीक. उद्या झालं तर? आणि तेव्हा हा कागद माझ्या फाईलला असेल. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही."

"आणि मी लिहिलंच नसतं तर?"

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्या बाजूला थोडा सरकवला.

"पगार तोच ठेवलाय," मग म्हणाले. "तेवढं मी भांडून केलंय."

मी रिपोर्ट पुढे केला होता, तो परत घेतला. डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी कमी नव्हे, हे त्यात तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं. ते त्यांना वाचून दाखवावं असं घरून ठरवून निघाले होते. पण त्यांनी तसं कुठे म्हटलं होतं?

गेटकडे येताना डाव्या हाताला, सांडपाण्याच्या टाक्यांच्या मागे मोकळं आवार दिसतं. निळ्या ड्रमांची रांग. हे पाठमोरे बसले होते, हातात पत्र्याची खरवडणी. ड्रम आडवा करून त्याच्यावरचं लेबल खरवडत होते. नावं, आकडे, धोक्याची लाल चौकट, सगळं ओल्या कागदाच्या वळ्या होऊन पायाशी पडत होतं. एक झाला की पुढचा. पुढचा घेण्याआधी मात्र ते झाकण बघत, रिंग चाचपत, ड्रम थोडा कलवून वजन अजमावत. तीन खुणा. रिकाम्या ड्रमाच्या.

मी हाक मारली नाही. हेल्मेट परत केलं आणि नाक्यापर्यंत चालत आले.

*

त्या संध्याकाळी मीच विषय काढला. स्वरा खाली खेळत होती. मी सगळं सांगितलं. एकोणिसावा प्रश्न, माझं वाक्य, मदतीची आशा, हर्षितसाहेबांकडे जाऊन आले ते. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

हे चहात बिस्किट बुडवत ऐकत होते.

"मास्तरानं पाटी घातली तवा मला कळलं नव्हतं तिच्यावर काय हाय," ते म्हणाले. "आता बी कळलं न्हाई."

"मला वाटलं होतं..."

"तुला चांगलंच वाटलं असणार. ते मला ठाव हाय." बिस्किट विरघळून कपात पडलं. त्यांनी ते चमच्याने शोधलं. "जगातला कुठलाबी कागद मी तीनदा बघतो. ह्याला इचार, त्याला इचार, मग हात लावतो. नऊ वर्षं एकच कागद न बघता सही करत होतो."

त्यांनी उठून कप धुतला आणि पालथा घातला.

त्यानंतर आमच्यात भांडण झालं नाही. हे पूर्वीसारखेच बोलतात, बाजारातून पालेभाजी आणतात, रविवारी स्वराला चिंचणीच्या किनाऱ्यावर नेतात. कुणी बघितलं तर म्हणेल, काय बिघडलंय? कंपनीतली पोरं आता ह्यांना उस्ताद म्हणत नाहीत, काका म्हणतात, असं नवशा म्हणाला. बाकी काही नाही.

मार्चमध्ये स्वराचा फॉर्म आला. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात तिची तपासणी व्हायची होती. त्या दाखल्यावर पुढे दहावीपर्यंत सवलती मिळतात. आईवडील दोघांची सही. मी दुपारीच भरून ठेवला, माझी सही केली आणि ह्यांच्या सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारली, नेहमीसारखी.

हे आले. हातपाय धुतले. मी कागद आणि पेन टेबलावर ठेवलं.

त्यांनी पेन उचललं नाही. कागद उचलला, भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि म्हणाले, "स्वरे, तुझी ती खिडकी आण गं."

स्वरा पुठ्ठ्याची पट्टी घेऊन आली आणि त्यांच्या कुशीला बसली. दोघांनी पट्टी पहिल्या ओळीवर ठेवली. तिचं एक बोट, त्यांचं एक बोट.

"पा... पाल..." हे थांबले.

"पुढचं बघायचं नाही पप्पा. फक्त खिडकीतलं," स्वरा म्हणाली. मॅडमचाच सूर. "घाई नाही आपल्याला."

"बरं बाई."

मी ओट्याशी उभी होते. पालक. पालकांचे. पालकांचे संमतीपत्र. मला इथूनही दिसत होतं. एका शब्दाशी दोघंही अडले, पट्टी तिथेच थांबली. माझ्या तोंडात तो शब्द आला होता.

"मी सांगू?" मी विचारलं.

"नको," हे म्हणाले. वर न बघता, अगदी साध्या आवाजात. "आमचं आमी बघतो."

चहा गाळला. दोन कप भरले, त्यांच्या कपावर बशी झाकली. खालून कंपनीची बस गेली. स्वरा काहीतरी पुटपुटली, हे हसले आणि पट्टी एक ओळ खाली सरकली. पानावर अजून बऱ्याच ओळी होत्या. आणि उत्तरं सगळी माझ्याच अक्षरातली.